बटर हॅगुडची निवडक गाणी

बटर हॅगुडने चाळीस वर्षं मला एकच प्रश्न विचारला आणि चाळीस वर्षं मी तो चुकवला.

डेटनच्या वेस्ट थर्ड स्ट्रीटवर माझं रेकॉर्डचं दुकान आहे. बटर दर शुक्रवारी यायचा, टोपी काढून काउंटरवर ठेवायचा, स्वतःच्या नावाच्या कप्प्यात बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "व्हर्नेल, खरं सांग. माझ्या निवडक गाण्यांच्या एवढ्या रेकॉर्डी निघाल्या. त्यातली सगळ्यात चांगली कोणती?"

मी म्हणायचो, "जी अजून निघाली नाही ती."

तो गडगडाटी हसायचा, टोपी घालायचा आणि जायचा. मला ते उत्तर भारी वाटायचं. खरं म्हणजे ती पळवाट होती, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बटरचं खरं नाव क्लीओफस. आवाज असा की गरम पावावर लोणी पसरत जावं, म्हणून बटर. त्याचा बँड हॉट स्किलेट. सत्तरच्या दशकात आमच्या वेस्ट साइडला तीन घरं ओलांडली की एका गॅरेजात फंक संगीताचा सराव चाललेला असायचा. दिवसा गाड्यांचे सुटे भाग बनवायचे आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या खिडक्या हलवायच्या, असा सगळ्यांचा दिनक्रम. त्या गर्दीतून बटर वर आला. चार गाणी देशभर गाजली. पुढे काही गाजलं नाही, पण त्या चारांच्या जिवावर 'निवडक' म्हणून चार वेळा माल निघाला.

ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी, फुटबॉलची मॅच बघता बघता तो खुर्चीतच गेला. एकोणऐंशी वर्षांचा होता. आपली टीम एकवीस गुणांनी मागे होती. त्याची बायको ओडेसा मला म्हणाली, "पुढचं बघावं लागलं नाही, एवढीच देवाची कृपा."

मंगळवारी पास्टर गॅडिसनी मला चर्चमध्ये बोलावलं. बटर त्यांच्याकडे एक चिठ्ठी ठेवून गेला होता. त्यांनी चष्मा लावून वाचली:

"दफनानंतर जेवणाच्या वेळी माझ्या निवडक गाण्यांपैकी एकच लावायची, सगळ्यात चांगली. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मध्ये कुणी हात लावायचा नाही. कोणती ते व्हर्नेल टॉलिव्हर ठरवील. व्हर्नेल, आता मी नवीन काढणार नाही. तेव्हा आता बोल."

मी खुर्चीत बसलो.

"ब्रदर टॉलिव्हर, यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?" पास्टर म्हणाले. "चांगली असेल ती लावा."

पास्टर गॅडिस भले गृहस्थ, पण दोनच वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमहून आलेले. बटरच्या गाण्यांचा आणि लग्नांचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता.

संबंध असा. बटरचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'सरक जरा, अर्लीन'. कोचावर शेजारी जागा मागणाऱ्या माणसाचं गाणं. बँड धडधडत येतो, बटर म्हणतो "सरक जरा", सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि त्या शांततेत तो नाव घेतो, "अर्लीन!" की पुन्हा धडाका. असं सात वेळा. अर्लीन त्याची पहिली बायको. पहिली निवडक रेकॉर्ड निघाली तेव्हा तीच घरात होती.

मग घटस्फोट झाला आणि ज्युवेल आली. ज्युवेल बँडमध्ये नाचायची. ती म्हणाली, माझ्या छपराखाली राहून तिला सरकायला सांगायचं नाही. शहाऐंशी साली दुसरी रेकॉर्ड निघाली, त्यात बटरने गाणं नव्याने गायलं: 'सरक जरा, ज्युवेल'. पुढे ओडेसा आली. तिने काहीच मागितलं नाही, नुसती एक आठवडा गप्प राहिली. नव्याण्णव साली तिसरी निघाली, 'सरक जरा, ओडेसा'. नाव लांब, शांतता तेवढीच. त्यामुळे ते नाव दोघांच्या बाकड्यावर तिघं बसल्यासारखं वाटतं.

तर सगळ्यात चांगली रेकॉर्ड कोणती याचा अर्थ सगळ्यात चांगली बायको कोणती, असा होत होता. आणि तिघीही हयात होत्या, तिघीही जेवायला येणार होत्या.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आत अर्लीन दारात उभी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंच, ताठ. एकतीस वर्षं पोस्टात टपाल वाटलेली. हातात पाऊंड केक.

"मिस अर्लीन, हे कशाला?"

"असंच, बेबी. वाळलास तू." तिने केक ठेवला आणि पिशवीतून पहिली रेकॉर्ड काढून त्याच्याशेजारी ठेवली. "ठरवायचं तू. मी कोण सांगणारी? फक्त एवढंच की गाणं लिहिलं तेव्हा कोचावर कोण बसलं होतं, ते विसरू नकोस."

दुपारी ज्युवेल आली. सोनेरी नखं, तांबूस विग, चौऱ्याहत्तरीतही जमीन तिच्यासाठी थोडी उसळते अशी चाल. तिने केक पाहिला.

"अर्लीनचा ना? दिसतोच आहे. मध्ये बसलाय." तिने काउंटरवर कोपर टेकलं. "व्हर्नेल, शहाऐंशीची ऐक. बटर पहिल्यांदा सुरात गायला तो त्यात."

"मिस ज्युवेल, त्यात ढोल मशीनचे आहेत."

"मशीन वेळेवर येतं. ढोल वाजवणारा यायचा का?"

ओडेसा आली नाही. तिने पांढऱ्या लिफाफ्यातून बायबलमधली एक ओळ पाठवली, नवऱ्याने पत्नीवर प्रेम करावे अशा अर्थाची. त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नव्याण्णव."

त्यात भर म्हणून हर्शेल. हर्शेल ब्रॅग, ऐंशी वर्षांचा, हॉट स्किलेटचा बेस गिटार वाजवणारा, बटरचा शाळेपासूनचा मित्र. तो काखोटीला मोठा खोका मारून आला. युरोपात कुणी हौशी कंपनीने काढलेली चौथी निवड, चार डिस्कची.

"ही लाव. भांडणच नको. तिन्ही नावं आहेत."

"हर्शेल, ही साडेचार तास चालते. हॉल दोन तासांसाठी मिळालाय."

"मग जेवण हळू वाढा."

"तुला ही का हवी ते सांगू? तिसऱ्या डिस्कवर अकरा मिनिटं तू एकटा वाजवतोस."

"साडेअकरा," हर्शेल म्हणाला.

मी ठरवलं की गुरुवारी सगळ्यांना एकत्र बोलवावं, सगळ्या रेकॉर्डी समोर ऐकाव्यात आणि तोंडावर निकाल द्यावा. माझ्या आयुष्यात मी घेतलेल्या वाईट निर्णयांत याचा नंबर वरचा आहे.

गुरुवारी अकरा वाजता तिघी बायका माझ्या दुकानात तीन खुर्च्यांवर बसल्या. ओडेसा मध्ये. लहानखुरी, चर्चमध्ये लोकांना जागा दाखवते, हातात त्याच कामाचे पांढरे हातमोजे. तिचा आवाज इतका मऊ की समोरचा आपोआप घाबरतो. मी पहिली रेकॉर्ड लावली. तिसऱ्याच गाण्याला 'सरक जरा, अर्लीन' आलं. अर्लीनने हनुवटी वर केली.

"सात वेळा," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "सात वेळा माझं नाव, आणि तेही वाद्यं थांबवून."

"थांबवावीच लागतात," ज्युवेल म्हणाली. "ते नाव ऐकून पुढे वाजवायला कुणाला हुरूप येतो?"

"तुझ्या नावाला माणसंच सोडून गेली, म्हणून मशीन आणलं."

"भगिनींनो," ओडेसा म्हणाली. "घरात मयत आहे. मला वाद नको. माझी फक्त एक विनंती आहे. जी त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिली तिचा मान ठेवावा."

"शेवटपर्यंत?" अर्लीन उसळली. "अगं, तुझ्याकडे आला तेव्हा त्याचे गुडघे गेले होते. पळणार कुठे होता?"

मागे भिंतीला टेकून उभ्या हर्शेलला हसू आवरलं नाही, आणि मग तिघी मिळून हर्शेलवर तुटून पडल्या. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. अंत्यविधीवाल्यांचा होता. ओडेसाने दिलेल्या काळ्या सुटाची पँट बटरच्या पोटावर बसत नव्हती. दुसरा सूट आहे का?

"जांभळा आहे," ज्युवेल म्हणाली. "सॅटिनचा. मीच शिवून घेतला होता."

"माझ्या नवऱ्याला जांभळ्या सॅटिनमध्ये देवासमोर पाठवू?"

"देवाने त्याला याआधी काळ्या सुटात पाहिलंय तरी का? ओळखणार कसा?"

शेवटी असं ठरलं की प्रत्यक्ष जाऊन पाहावं. एकीला जाऊ दिलं तर बाकीच्या दोघी ऐकेनात, म्हणून तिघी. तिघींपैकी कुणाकडेच गाडी नव्हती. होता माझा पिकअप ट्रक. पुढे एकच लांब सीट. अर्लीन खिडकीशी, ज्युवेल माझ्याजवळ, ओडेसा पुन्हा मध्ये. वाटेत बटरच्या घरून जांभळा सूट घेतला, तो तिघींच्या मांडीवर आडवा. हर्शेल मागे उघड्यावर, दुधाच्या क्रेटवर बसला होता आणि हाताने टोपी धरून होता.

"सरक जरा," अर्लीन ज्युवेलला म्हणाली.

"कुठे सरकू? व्हर्नेलच्या मांडीवर?"

मी किल्ली फिरवली. आणि नेहमीप्रमाणे इंजिनाच्या आधी बटर सुरू झाला.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. माझ्या ट्रकच्या टेपमध्ये नऊ वर्षं एक कॅसेट अडकलेली होती. पंच्याहत्तर नंबरच्या हायवेवर, लायमा गावाच्या जवळ, पेट्रोल पंपाच्या काउंटरवर चिक्कीच्या पाकिटांशेजारी मिळाली होती. बटर हॅगुड, निवडक गाणी. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांना कुठून तरी एका दुपारच्या सरावाची टेप मिळाली होती. सगळे जण एका खोलीत, एका दमात वाजवताहेत. मध्येच बटर हसतो. मध्येच कुणीतरी हर्शेलला सांगतं की खुर्ची करकरतेय, आणि करकर तशीच राहते. असला माल मी दुकानात ठेवत नाही. निवडक रेकॉर्डी मोजताना मी ही कधी धरलीच नव्हती.

दोन गाणी झाली. मग ते गाणं आलं.

या कॅसेटवर त्याला शब्दच नाहीत. बटरने हे गाणं गायच्या आधीच ती टेप बाहेर गेली असावी. नुसती वाद्यं धडधडत येतात, थांबतात, आणि त्या शांततेत काहीच नसतं. फक्त कुणाचा तरी बूट जमिनीवर ताल धरून असतो. मग पुन्हा धडाका.

पहिल्या वेळी तिघी समोरच्या काचेतून बघत राहिल्या. दुसऱ्या वेळी खिडकीशी अगदी हळू आवाज आला, "अर्लीन." तिसऱ्या वेळी माझ्या कानाशी, "ज्युवेल." चौथ्या वेळी मी कान टवकारले, पण शांतता तशीच गेली. पाचव्या वेळी मधून इतकं बारीक "ओडेसा" आलं की बूट त्याहून मोठा वाजला. शेवटच्या अक्षराला वाद्यं येऊन आदळली. नाव अजूनही मावत नव्हतं.

ज्युवेलला हसू फुटलं. मग अर्लीनला. ओडेसाने पांढरा हातमोजा तोंडावर धरला, आणि मला वाटलं ती रडतेय, पण तिचे खांदे वेगळ्याच प्रकारे हलत होते.

अंत्यविधीवाल्यांची इमारत आली. मी गाडी थांबवली नाही. कुणी थांबव म्हणालंही नाही. मागच्या काचेवर हर्शेलने ठोकलं.

"व्हर्नेल! जागा मागे गेली!"

"माहीत आहे!"

"मग ठीक! आवाज वाढव!"

नदीपर्यंत जाऊन, पुलाला वळसा घालून आम्ही परत आलो. इंजिन बंद केलं तेव्हा बटरही बंद झाला.

"ही कुठली?" ओडेसाने विचारलं.

मी सांगितलं.

"यात माझं नाव नाही," अर्लीन म्हणाली.

"यात कुणाचंच नाही," ज्युवेल म्हणाली. "म्हणून व्हर्नेल आता म्हणणार, हीच लावू. सगळ्यांना खूश करायला. भित्रा मेला."

तेव्हा मी बोललो. चाळीस वर्षांनी.

"मिस ज्युवेल, तुम्हाला खूश करायला नाही. हीच सगळ्यात चांगली आहे. पहिलीत अर्धा बँड तापाने आजारी होता. दुसरीत मशीन. तिसरीत बटरचा आवाज थकलाय. हर्शेलच्या खोक्यात इतकं काही आहे की बटर सापडतच नाही. इथे तो सापडतो. ही कॅसेट अडकलीय असं मी नऊ वर्षं सांगत आलो. खरं सांगू? मी ती काढायचा कधी प्रयत्नच केला नाही."

मग ओडेसाने मांडीवरचा जांभळा सूट उचलला, झटकला आणि म्हणाली, "चला. हाच घालू त्याला. आणि व्हर्नेल, आता प्रयत्न कर."

मी प्रयत्न केला. शुक्रवार अख्खा केला. चिमटा, सुरी, दोन स्क्रू-ड्रायव्हर. बटण तुटलं. कॅसेट खरोखरच अडकली होती.

म्हणून शनिवारी, दफन झाल्यावर, मी ट्रक उलटा घेत चर्चच्या हॉलच्या दुहेरी दारापर्यंत आणला, दोन्ही दारं सताड उघडली आणि इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटांत धूर आत शिरला.

"ब्रदर टॉलिव्हर," पास्टर खोकत म्हणाले, "आज एकच अंत्यविधी ठरला होता."

मग लोकच बाहेर आले. तळलेला कॅटफिश, हिरवी भाजी, मॅकरोनी, सगळं प्लेटमध्ये घेऊन दोनशे माणसं पार्किंगमध्ये उन्हात उभी राहिली. बटाट्याचं सॅलड कुणी केलंय याची चौकशी करून मगच लोक ते घेत होते. पहिल्या गाण्याला माना हलल्या. दुसऱ्याला प्लेटा गाड्यांच्या बॉनेटवर गेल्या. ज्युवेलने सँडल काढून ट्रकच्या पायरीवर ठेवल्या आणि जमीन खरंच उसळायला लागली.

मग ते गाणं लागलं. वाद्यं थांबली. त्या शांततेत तिघी एकदम ओरडल्या, तीन नावं, एकावर एक. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. दुसऱ्या शांततेत त्यांच्याआधी हर्शेल ओरडला, "हर्शेल!"

"तुझं काय रे मध्येच?" अर्लीन म्हणाली.

"मी त्याच्याबरोबर तुम्हा तिघींपेक्षा जास्त वर्षं काढली! आणि मला तर कधी सरक पण म्हणाला नाही, सरळ ढकलायचा!"

तिसऱ्या वेळी आमचा न्हावी ओरडला. चौथ्या वेळी कोण कोण ओरडलं ते कळलं नाही. शेवटच्या, सातव्या शांततेत पार्किंगमधल्या प्रत्येकाने आपापलं नाव घेतलं. मी माझं. पास्टरांनी त्यांचं, डोळे मिटून. इतक्या नावांचा एकच आवाज झाला. त्यात माझं कुठलं, ते मलाही ऐकू आलं नाही. ओडेसा ओरडली नाही. ती ट्रकच्या उघड्या दाराला हात लावून उभी होती, आणि त्या हातात हातमोजा नव्हता.

शेवटच्या गाण्यात घात झाला. मधोमध बटरचा आवाज जाड झाला, खाली गेला, घुसमटला, आणि टेपने कॅसेट गिळली. नुसतं इंजिन फुरफुरत राहिलं. दोनशे माणसं माझ्याकडे बघू लागली.

"शेवटच्या गाण्यापर्यंत, असं लिहिलंय," पास्टर हळूच म्हणाले.

हर्शेलने हातातली प्लेट खाली ठेवली आणि तोंडाने बेस धरला. बुम, बुम-बुम. न्हाव्याने ट्रकच्या पत्र्यावर ढोल धरला. मागून कुणी गाल फुगवून ट्रम्पेट झालं. उरलेली दोन मिनिटं वेस्ट साइडने तोंडाने वाजवून पुरी केली. हर्शेलने त्याची चार केली, पण त्या दिवशी त्याला कुणी बोललं नाही.

त्यानंतर बरेच दिवस लोक दुकानात येऊन ती कॅसेट मागत होते. नाही म्हटलं की चिडून पहिल्या तीनपैकी एखादी घेऊन जात आणि मला सांगत की माझा निकाल चुकला. सिनसिनाटीहून एक माणूस खास त्यासाठी गाडी चालवत आला. पहिलीच श्रेष्ठ कशी, हे त्याने मला तासभर समजावलं. मी त्याला अर्लीनचा फोन नंबर दिला. त्यांची आता चांगली ओळख आहे म्हणतात.

पुढच्या आठवड्यात ओडेसा आभाराची कार्डं वाटत दुकानात आली. तिने विचारलं, त्या कॅसेटचा डबा आहे का? मी ट्रकच्या खणातून शोधून आणला. तिने झाकणावरचा फोटो जवळ धरून पाहिला. पिवळ्या सुटातला, गिटार घेतलेला एक हसरा माणूस. बटरने जन्मात गिटार हातात धरली नाही. तो माणूस बटर नव्हता. बँडमधला कुणी नव्हता. डेटनमध्ये कुणी त्याला ओळखत नाही.

"चांगला हसतो," ओडेसा म्हणाली आणि डबा पर्समध्ये ठेवला.

आता तो फोटो तिच्या बैठकीच्या खोलीत, चौकटीत, बटरच्या आईच्या आणि बटरच्या मधोमध लावलेला आहे. रविवारी चर्चनंतर अर्लीन आणि ज्युवेल तिच्याकडे जेवायला जातात. परवा मीही गेलो होतो. कुणी नवीन पाहुणी फोटोकडे बोट दाखवून विचारत होती, "हा कोण? घरातला का?"

"ठाऊक नाही," ओडेसा मऊ आवाजात म्हणाली. "मॅकरोनी घे अजून."